खंबीर माणसाचे माप

दिवाळीच्या आधी चार दिवस चितारओळीतून एक फेरी मारल्याशिवाय मला दिवाळी आल्यासारखी वाटत नाही. पणत्या आता कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात, घरपोचही येतात. पण ओल्या मातीचा आणि ताज्या रंगाचा तो वास काही घरपोच येत नाही. २०२५ च्या दिवाळीतही मी नातवाला बरोबर घेऊन निघालो. वय वर्षे चौदा. पायांत वारा आणि तोंडात प्रश्न. महालात गांधी गेटाजवळ, शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापाशी आलो आणि स्वारी थांबली.

"आबा, मार्चमध्ये जे झालं, ते इथूनच सुरू झालं ना?"

"हो, इथूनच."

"मग तो सिनेमाच दाखवू दिला नसता, तर झालं असतं का?"

चाळीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. पानिपत का झाले, सत्तावन्नचा उठाव का फसला, असल्या प्रश्नांची उत्तरे पाच मुद्द्यांत लिहून देण्यात माझा हातखंडा. पण या प्रश्नापुढे माझी बोलती बंद झाली. "आधी पणत्या घेऊ," असे म्हणून मी वेळ मारून नेली. वाचकहो, मास्तराने विद्यार्थ्यापुढे वेळ मारून नेली की त्याला रात्री झोप लागत नाही. त्या राहून गेलेल्या उत्तरासाठीच हा लेख लिहायला बसलो आहे.

आधी घडले काय ते थोडक्यात सांगतो. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी 'छावा' हा हिंदी चित्रपट लागला. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरून लक्ष्मण उतेकर यांनी तो काढलेला. संभाजीराजांना औरंगजेबाने दिलेल्या यातना त्यात पडद्यावर दाखवल्या आहेत. माणसे डोळे पुसत चित्रपटगृहाबाहेर पडली. पुढच्याच महिन्यात खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवावी, ही मागणी जोरात आली. १७ मार्चला तिथीने शिवजयंती होती. रमजानचा महिनाही चालू होता. त्या दिवशी महालात या मागणीसाठी निदर्शने झाली आणि कबरीची प्रतिकृती जाळण्यात आली. तिच्यावरच्या कापडावर पवित्र वचने होती, अशी अफवा फोनाफोनी पसरली आणि दिवेलागणीनंतर दगड सुरू झाले. वाहने जळाली, पोलिस जखमी झाले, जखमींपैकी एक माणूस पुढे रुग्णालयात दगावला. शहराच्या मोठ्या भागात संचारबंदी लागली. ती पुरती उठायला २३ मार्च उजाडला. या चित्रपटामुळे औरंगजेबाविरुद्धच्या लोकभावना पुन्हा चेतल्या, असे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात सांगितले आणि सर्वांना शांततेचे आवाहन केले.

आता खरे पाहता 'छावा' हा इस्लामवर टीका करणारा चित्रपट नव्हे. तो एका बादशहावर आहे. औरंगजेब म्हणजे इस्लाम नव्हे, हे शाळेतले पोरही सांगेल. पण गर्दीच्या डोक्यात हे दोन शब्द एकमेकांत मिसळायला किती वेळ लागतो, ते आम्ही महालात राहणाऱ्यांनी एका संध्याकाळी पाहिले. आणि अलीकडच्या काही वर्षांत असेही चित्रपट आले, की ज्यांत राजकारण आहे आणि धर्मावर, विशेषतः इस्लामवर, उघड टीकाही आहे. त्यांच्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या, बंदी आली, बंदी उठली. म्हणून नातवाचा प्रश्न एका चित्रपटाचा राहत नाही. ज्याने कोणाचे मन दुखेल, असे काही दाखवू द्यावे की न द्यावे? आणि मन दुखले की नाही, हे मोजायचे कोणाच्या मापाने?

मौज अशी की, या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याच गावात लिहिले गेले आहे. सिव्हिल लाइन्समधली ती घुमटाची भव्य दगडी इमारत आपण सगळेच येताजाता पाहतो. आज तेथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसते. पण १९३६ पासून १९५६ पर्यंत नागपूरला स्वतःचे उच्च न्यायालय होते. तेथे व्हिव्हियन बोस नावाचे एक न्यायमूर्ती होते. जन्म १८९१ चा, शिक्षण केंब्रिजचे, वकिली नागपूरची. नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस यांचे हे नातू. काही वर्षे ते येथल्या लॉ कॉलेजचे प्राचार्यही होते. १९३६ मध्ये न्यायमूर्ती झाले, पुढे येथेच मुख्य न्यायमूर्ती आणि १९५१ पासून दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात.

इंग्रजी राज्य आवरते घेण्याच्या सुमाराची गोष्ट. भगवतीचरण शुक्ल विरुद्ध मध्यप्रांत-वऱ्हाड सरकार, असे एक प्रकरण त्यांच्यापुढे आले. वाद छापील मजकुराचा होता. चित्रपटाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. १९४७ च्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'च्या नागपूर विभागात पहिल्याच पानापासून तो निकाल छापलेला आहे. (हे कायद्याचे नियतकालिकही नागपूरचेच, चितळ्यांनी काढलेले आणि देशभरच्या वकिलांच्या कपाटांत जाऊन बसलेले.) त्या निकालात बोस यांनी एक वाक्य लिहिले. त्याचा आशय असा: शब्दांचा परिणाम काय होईल हे ठरवताना माप धरायचे ते विचारी, कणखर, खंबीर आणि धीट माणसाचे, दुबळ्या नि डळमळत्या मनाच्या माणसाचे नव्हे, आणि विरोधी मत दिसले की त्यात धोक्याचा वास घेणाऱ्याचेही नव्हे.

एवढेच. पण या एका वाक्याने माप बदलले. इतवारीतले जुने कापडवाले सांगत, की भांडण कापडावरून होत नाही, गजावरून होते. एखाद्या पुस्तकाने किंवा चित्रपटाने माझे मन दुखावले, असे मी म्हटले की लगेच ते पुस्तक बंद करायचे, तर गज माझ्या हाती आला. आणि मी जितका हळवा, जितका संतापी, तितका माझा गज आखूड. सर्वांत आधी रागावणाऱ्याच्या हाती सगळ्या गावाचे वाचन आणि पाहणे जाणार. बोसांनी तो गज त्याच्या हातून काढून घेतला आणि शहाण्या माणसाच्या हाती दिला.

येथे कोणी म्हणेल, पुस्तक निराळे आणि पडदा निराळा. हा आक्षेप खरा आहे, आणि तो मांडणारेही नागपूरचेच होते! मोहम्मद हिदायतुल्ला हे मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी. केंब्रिजहून परत आल्यावर वकिली येथेच, लॉ कॉलेजात शिकवणेही येथेच. १९४६ मध्ये ते याच उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले, म्हणजे बोस यांचे सहकारी. पुढे ते भारताचे सरन्यायाधीश झाले. त्या पदावर बसलेले पहिले मुसलमान. १९७० साली ख्वाजा अहमद अब्बास यांचे प्रकरण त्यांच्यापुढे आले. अब्बास यांनी चार मोठ्या शहरांतली श्रीमंती आणि गरिबी शेजारी शेजारी ठेवणारा एक छोटा माहितीपट काढला होता. मुंबईच्या वेश्यावस्तीतली काही दृश्ये कापा, असे सेन्सॉर बोर्डाने सांगितले. अब्बास थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. पुस्तक आधी तपासून घ्यावे लागत नाही, मग चित्रपटच का, हा त्यांचा सवाल.

हिदायतुल्लांनी तो सवाल मान्य केला नाही. चलच्चित्र मनाला इतर कोणत्याही कलेपेक्षा खोलवर हलवते, मुलांना तर पडद्यावरचे खरेच वाटते; म्हणून चित्रपट आधी तपासणे घटनेला धरून आहे, असा निकाल त्यांनी दिला. सेन्सॉर बोर्ड आजही त्या निकालाच्या पायावर उभे आहे. पण त्याच निकालात त्यांनी एक इशाराही देऊन ठेवला. आपली मापे अशी नसावीत, की समाजातल्या सर्वांत दुबळ्या आणि सर्वांत विकृत माणसाच्या रक्षणासाठी निरोगी मनाच्या माणसाने काय पाहावे नि वाचावे हे ठरेल. वाचकहो, हे बोसांचेच माप आहे! एकाच इमारतीत बसलेल्या दोन न्यायमूर्तींपैकी एक अधिक मोकळा, दुसरा अधिक सावध. पण गज दोघांनी एकच धरला.

हा गज पुढे किती फिरला, ते पाहण्यासारखे आहे. १९८८ च्या जानेवारीत दूरदर्शनवर 'तमस' सुरू झाली. भीष्म साहनींची कादंबरी, गोविंद निहलानींचे दिग्दर्शन, विषय फाळणीच्या दंगलीचा. मालिका थांबवा, नाहीतर दंगली होतील, म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झाला आणि प्रथम स्थगितीही मिळाली. मग न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी संपूर्ण मालिका स्वतः बसून पाहिली आणि स्थगिती उठवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तेथेही तोच निकाल कायम झाला, आणि त्या निकालपत्रात नागपूरच्या न्यायमूर्ती बोसांचे ते वाक्य अधोरेखित केल्यासारखे येऊन बसले. दंगल कशी पेटवली जाते हे पाहणारा शहाणा माणूस दंगल करायला धावत नाही, त्यातून शिकतो, हा त्याचा मथितार्थ. छापील मजकुरासाठी केलेले माप असे पडद्याला लागू झाले.

दुसऱ्याच वर्षी, १९८९ मध्ये, राखीव जागांवरील एका तमिळ चित्रपटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. निदर्शने होतील, मिरवणुका निघतील, मारामारीच्या धमक्या आहेत, एवढ्या कारणाने चित्रपट बंद करता येणार नाही. धोका दारूच्या कोठारातल्या ठिणगीइतका जवळचा आणि उघड असला पाहिजे. शांतता राखणे हे सरकारचे काम; ते आम्हाला जमत नाही, असे सरकारने म्हणायचे नसते. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. कारण धमकी देणाऱ्यालाच बंदीचे बक्षीस देण्याची वाट तेथे बंद झाली.

निदान कागदावर झाली. प्रत्यक्षात काय होते? १९९५ साली मणिरत्नम यांचा 'बॉम्बे' आला. मुंबईच्या दंगलीत सापडलेल्या एका हिंदू तरुणाची आणि त्याच्या मुसलमान पत्नीची ती कथा. प्रदर्शनाआधी तो बाळ ठाकरे यांना दाखवावा लागला. दुसरीकडे काही मुस्लिम संघटनांचाही त्याला विरोध झाला. आणि त्याच वर्षी मद्रासमध्ये मणिरत्नम यांच्या घरावर बॉम्ब टाकून त्यांना जखमी करण्यात आले. दोन्ही बाजूंनी रोष ओढवणारा चित्रपट बहुधा काही तरी खरे सांगत असतो, असे म्हणायची माझी सवय आहे. पण खरे सांगणाऱ्याने त्याची किंमत रुग्णालयात मोजावी, हे काही खरे नव्हे.

हे केवळ आपल्याकडेच होते असेही नाही. हॉलंडमध्ये थिओ व्हान गॉग यांनी २००४ साली इस्लाममधील स्त्रियांच्या स्थितीवर एक अगदी छोटा चित्रपट काढला आणि त्याच वर्षी २ नोव्हेंबरला ॲम्स्टरडॅमच्या रस्त्यावर त्यांचा खून झाला. २०१२ मध्ये अमेरिकेत निघालेल्या एका सुमार आणि द्वेषाने भरलेल्या चित्रफितीवरून अनेक देशांत जाळपोळ झाली, माणसे मेली. पहिला चित्रपट टीका होता, दुसरी निव्वळ कुचेष्टा होती. पण जमावाने दोघांना एकच गज लावला. जमावाच्या हातात एकच गज असतो.

आता अलीकडची दोन प्रकरणे. २०२३ मध्ये 'द केरला स्टोरी' आला. मुलींना फूस लावून त्यांचे धर्मांतर करतात आणि परदेशी दहशतवाद्यांकडे पाठवतात, असा त्याचा विषय. पश्चिम बंगालने ८ मे रोजी त्यावर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने १८ मे रोजी ती स्थगित केली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने चित्रपट मोकळा केला. पण निर्मात्यांनाही सोडले नाही. बत्तीस हजार मुलींच्या आकड्याला अधिकृत आधार नाही आणि ही कथा काल्पनिक रूपात मांडली आहे, असे चित्रपटाच्या आरंभी लिहायला लावले. मला हा निवाडा फार आवडला. बोलण्याचा हक्क आहे. खोटा आकडा खरा म्हणून खपवण्याचा नाही.

दुसरे प्रकरण आपल्या महाराष्ट्रातले. २०२४ मध्ये 'हमारे बारह' नावाचा चित्रपट आला. मुसलमान कुटुंब, पुष्कळ मुले, बायकोच्या जिवावर बेतलेले बाळंतपण, असा त्याचा विषय. अन्नू कपूर मुख्य भूमिकेत. कुराणातल्या एका वचनाचा विपर्यास केला आहे आणि मुसलमान स्त्रियांची बदनामी होते, म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज झाले. न्यायालयाने आधी चित्रपट थांबवला, मग काही संवाद गाळण्याच्या अटीवर सोडला. सर्वोच्च न्यायालयाने १३ जूनला पुन्हा थांबवला आणि उच्च न्यायालयानेच लवकर निकाल लावावा, असे सांगितले. न्यायमूर्ती कुलाबावाला आणि न्यायमूर्ती पुनीवाला यांनी चित्रपट पाहिला. जाहिरातीच्या झलकेत गैर संवाद होते, हे त्यांनी मान्य केले. प्रमाणपत्र मिळण्याआधी झलक दाखवल्याबद्दल निर्मात्यांना पाच लाखांचा भुर्दंडही लावला. पण काही फेरफार करून घेतल्यावर चित्रपट मोकळा केला आणि २१ जूनला तो लागला. हा चित्रपट स्त्रीच्या बाजूने बोलतो, डोके घरी ठेवून पाहण्याचा नाही, आणि भारतीय प्रेक्षक काही इतका भोळा नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा सूर होता. पुन्हा तेच माप: प्रेक्षकाला शहाणा धरायचे.

येथवर लिहून झाले आणि मला वाटले, झाले आपले उत्तर. ते घेऊन मी मोमीनपुऱ्यात एका स्नेह्यांकडे गेलो. उच्च न्यायालयाच्या कचेरीत कारकुनी करून ते निवृत्त झाले. आमची ओळख पन्नास वर्षांची. त्यांच्या ईदचा शीरखुर्मा आमच्याकडे येतो आणि आमच्या दिवाळीचा चिवडा त्यांच्याकडे जातो. २०२५ च्या मार्चमध्ये मात्र आमचे फक्त फोनवर बोलणे झाले; मधुमेहाची औषधे संपली होती आणि दार उघडायची सोय नव्हती. त्याच रात्री आमच्या गल्लीत शेजाऱ्याची, हप्ते न फिटलेली, दुचाकी जळत होती.

त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. बोस साहेबांचा निकाल त्यांनाही ठाऊक होता. मग म्हणाले, "मास्तर, माप उत्तम आहे. फक्त एक सांगा. दंगलीच्या रात्री दारावर धोंडा येतो, तो खंबीर माणूस मारतो का?"

मी गप्प.

"न्यायमूर्ती सिनेमा पाहतात तो थंड खोलीत बसून. आमच्या पोरांना शाळेत दुसऱ्या दिवशी त्या सिनेमातले संवाद ऐकवतात. तिथं माप कोण धरणार? मी बंदी मागत नाही, मास्तर. बंदी घातली की सिनेमा फोनवर दुप्पट पाहतात, हे मलाही कळतं. पण भीती वाटते, एवढं तरी खरं धरा."

मला ते खरे धरावेच लागले. कायद्याचे वाक्य सुंदर असले, तरी ते भिंतीआड सुरक्षित बसलेल्या माणसाला जितके सुंदर दिसते, तितके संचारबंदीतल्या माणसाला दिसत नाही. तेव्हा खंबीर माणसाचे माप लावायचे असेल, तर त्याच्या जोडीला दोन गोष्टी हव्यात. पहिली ही, की दारावरचा धोंडा रोखणारा शिपाई तेथे वेळेवर उभा असला पाहिजे; शब्दाला मोकळीक देणाऱ्या राज्याने धोंड्याला मुळीच मोकळीक देता कामा नये. दुसरी गोष्ट अशी, की माप सर्वांना एकच हवे. आपल्याकडे जुनी म्हण आहे: मापात पाप. घेताना एक शेर आणि देताना दुसरा शेर ठेवणाऱ्या वाण्याकडे कोणी जाऊ नये.

आणि येथेच आपण सगळे थोडेफार पापी आहोत. इस्लामवरच्या चित्रपटाला अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणून टाळ्या वाजवणारे पुष्कळजण शिवचरित्रावरील एका परदेशी ग्रंथाच्या वेळी वेगळे बोलत होते. २००४ च्या जानेवारीत पुण्याच्या भांडारकर संस्थेवर त्यापायी हल्ला झाला. त्या ग्रंथाबाबतचे फौजदारी प्रकरण २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले, तेव्हाही आधार बोसांच्याच मापाचा होता. उलट, हिंदू रूढींवर कोरडे ओढणाऱ्या चित्रपटाला डोक्यावर घेणारे काहीजण इस्लामवर टीका आली की एकदम नाजूक होतात. दोघांच्याही दुकानात दोन-दोन शेर.

टीका आणि द्वेष यांतही फरक करायला हवा; नाहीतर माप लावूनही काही हाती येणार नाही. तो फरक आपल्या महाराष्ट्रात एका माणसाने जगून दाखवला. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला; मागणी तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याची. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. इस्लामच्या नावाने चालणाऱ्या अन्यायावर इतके कठोर मराठीत क्वचितच कोणी बोलले असेल. पण ते त्या सात बायकांच्या बाजूने बोलत होते, त्यांच्या घराविरुद्ध नव्हे. चित्रपटालाही हाच प्रश्न विचारता येतो: तू कोणाच्या बाजूने बोलतोस? जिच्यावर अन्याय होतो तिच्या, की जो तिच्या साऱ्या जमातीचा तिरस्कार करतो त्याच्या?

कायदाही याच्या जवळपास येतो. इस्लामवर लिहिलेल्या एका इंग्रजी पुस्तकावर महाराष्ट्र सरकारने २००७ मध्ये बंदी घातली होती. मुंबई उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१० च्या जानेवारीत ती कायम केली. पण निकालात आधी हे स्पष्ट केले, की कोणत्याही धर्मावर, म्हणून इस्लामवरही, टीका करण्याचा हक्क सर्वांना आहे. ती टीका शास्त्रीय चर्चा आहे की दोन समाजांत वैर लावण्याच्या हेतूने केली आहे, एवढेच पाहायचे. अर्थात हेतू पाहायचा तर पुस्तक वाचावे लागते, चित्रपट पाहावा लागतो. रस्त्यावर येणाऱ्यांपैकी किती जणांनी तो पाहिलेला असतो, हा प्रश्न मी विचारत नाही. उत्तर सर्वांना ठाऊक आहे.

आता शेवटची एक हकिकत सांगतो. ती कळली तेव्हा मी हातातला पेपर दोनदा वाचला. १७ मार्च २०२५ ला महालात दगड पडले. २८ मार्चला, म्हणजे अकराच दिवसांनी, सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्ज्वल भुयान यांच्यापुढे इम्रान प्रतापगढी यांचे प्रकरण निकालात निघाले. त्यांनी समाजमाध्यमावर टाकलेल्या एका उर्दू कवितेवरून गुजरातेत पोलिसांनी गुन्हा नोंदवला होता. न्यायालयाने तो रद्द केला, आणि माप कोणते लावले म्हणाल? विचारी, कणखर, खंबीर, धीट माणसाचे; टीकेत सदैव धोका पाहणाऱ्या असुरक्षित मनाचे नव्हे. नागपूरच्या रस्त्यावर राखही पुरती निवली नव्हती, आणि नागपुरात केलेले माप दिल्लीत एका मुसलमान कवीच्या रक्षणाला उभे होते. दोन वर्षांपूर्वी याच दिल्लीत इस्लामवर कठोर असलेल्या चित्रपटाला वाट मिळाली होती. आता उर्दू कवितेला मिळाली. शेर एकच.

मी ते कात्रण कापून मोमीनपुऱ्यात नेले. स्नेह्यांनी चष्मा लावून ते सावकाश वाचले. "बोस साहेबांचं माप अजून चालतं म्हणायचं," ते म्हणाले. मग थोडे थांबून, "आता पोलिसांना आणि पोरांनाही कोणी तरी वाचून दाखवा."

पोलिसांना वाचून दाखवण्याचा माझा अधिकार नाही, पोरांना आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नातवाला पणत्यांत तेल घालायला बसवले आणि म्हटले, "तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर देतो. सिनेमा बंद केला असता, तर दंगल दुसऱ्या कशावरून तरी झाली असती. कारण लाकूड आधीच वाळलेलं होतं. सिनेमा खोटं सांगत असेल, तर खोटं दाखवून द्यायचं. तो आपल्याविरुद्ध असेल, तर आपण खंबीर माणूस आहोत असं समजून पाहायचं, नाहीतर पाहायचा नाही. आणि धोंडा उचलला, तर उचलणाऱ्याला धरायचं. तो कोणाचाही असो."

"आपला असला तरी?"

"आपला असला तर आधी."

त्याने मान डोलवली. पटले की नाही, कोण जाणे. चौदा वर्षांच्या मुलाला एका दमात काही पटू नये, हेच बरे. मग चिवड्याचा आणि अनारशांचा डबा घेऊन तो सायकलवर मोमीनपुऱ्याकडे गेला. परत यायला त्याला जरा उशीर झाला. मी दारात दोन वेळा जाऊन आलो. मार्चपासून ही सवय लागली आहे. तिसऱ्यांदा गेलो, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी सायकलची घंटा वाजली. रिकाम्या डब्यातून आमच्या आजींसाठी खजूर आले होते आणि माझ्यासाठी एक निरोप: "मास्तरांना सांग, या वेळी चिवड्यात मीठ बरोबर आहे."